काळ्या रानात चिखल, माळावर काटा : एका टायरच्या वर्षभराच्या नोंदी

२ जून २०२४

आज दोन्ही ट्यूब काढून गच्चीवरच्या दोरीला टांगल्या आणि पॅच मोजले. मागच्या ट्यूबवर चौदा, पुढच्या ट्यूबवर नऊ. एके ठिकाणी तर पॅचवरच पॅच आहे. कपडे वाळत घालायला आलेली बायको म्हणाली, "एवढी ठिगळं तर आईच्या वाकळेलाही नव्हती."

सायकल चार वर्षांची. २९ इंची हार्डटेल (धक्के शोषणारा फोर्क फक्त पुढं), टायर २.२५ इंच रुंदीचे. फोर्क बरा आहे, डिस्क ब्रेक धरतात, गिअर कुरकुरतात पण पडतात. भांडण फक्त टायरशी. त्यापायी आतापर्यंत ज्याने जे सांगितलं ते केलं आणि दोनदा पैसे घालवले. म्हणून ही वही. पुढचा उन्हाळा येईपर्यंत प्रत्येक पंक्चर लिहायचं : कुठं झालं, कसल्या जमिनीवर झालं, हवा किती होती, आत काय सापडलं.

९ जून

पहिलीच नोंद आणि काटा नाही! आमच्या सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या पलीकडच्या खडकाळ वाटेवर मागचं चाक एकदम बसलं. ट्यूब काढली तर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा, साप चावल्यासारख्या. म्हणजे चाक दगडावर आपटलं, टायर दबला आणि ट्यूब दगड नि रिमच्या मध्ये चिमटली गेली. हवा होती २४ पीएसआय (दाबाचं माप). माझं वजन ७४ किलो, पाठीवर दोन लिटर पाणी. कमी हवेत टायर जमीन धरून चालतो हे खरं, पण ते ट्यूबलेसवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या टायरमध्ये ट्यूबच नसते त्यांच्यासाठी. दुसऱ्याचं औषध आपण घेतलं.

पुढं ३०, मागं ३३ केली. चिरा गेल्या, पण हादरे मनगटात येऊ लागले.

१६ जून

आज काटा. सात रस्त्याजवळच्या अण्णांच्या दुकानात गेलो. घरी लावलेला पॅच निघाला होता, म्हणून जरा ओशाळूनच गेलो. अण्णांनी पॅच नखाने उचलला, हुंगल्यासारखा जवळ धरला आणि म्हणाले, "सोल्युशन वाळू दिलं न्हाई तुम्ही. चकाकी जाईपर्यंत थांबायचं असतंय की ओ. घाई कशाची?" खरं होतं. सोल्युशन लावलं की त्यावर पॅच दाबायचा, एवढंच मला माहीत. ते ओलं असताना काहीच धरत नाही. आधी पॉलिश पेपरने ट्यूब खरवडायची, सोल्युशन पातळ लावायचं, ते निस्तेज होऊ द्यायचं आणि मग पॅच.

खरी गंमत पुढं. मी टायरच्या आतून बोट फिरवत काटा शोधत होतो. अण्णांनी हात बाजूला सारला आणि टॉवेलचा एक तुकडा काढला. आपल्याच गावचा टेरी टॉवेल, मागावरून कापून टाकलेला. ते आधी कारखान्यात मागावर होते, तिथली चिंधी. ती टायरच्या आतून गोल फिरवली की काट्याचं टोक टॉवेलच्या धाग्यात अडकतं, चिंधी टचकन थांबते. बोटाला जे टोक लागत नाही ते टॉवेलला लागतं. दोन ठिकाणी थांबली. मला एकच काटा माहीत होता. दुसरा तसाच राहिला असता तर संध्याकाळी घरी पोचून शिव्या दिल्या असत्या त्या पॅचला.

घरी आल्यावर जुन्या टॉवेलचा वीतभर तुकडा सीटखालच्या पिशवीत ठेवला. टायरवरचं नाव व्हॉल्वच्या समोर येईल असा टायर बसवला, म्हणजे ट्यूबला भोक सापडलं की टायरवरची जागा मोजून काढता येते.

७ जुलै

मार्डीच्या बाजूला गेलो होतो, मी आणि मेहुणा. रात्री पाऊस झालेला, सकाळी आभाळ मोकळं. काळ्या रानातली बैलगाडीची वाट वरून सुकलेली दिसत होती. दिसते तशी नसते. शंभर पावलांत दोन्ही चाकं फुगून पोळीच्या लाटण्याएवढी झाली, पुढं फोर्कच्या कमानीत चिखल ठासला आणि चाक फिरायचंच थांबलं. काळी माती नुसती निसरडी नसते, ती चिकटते. त्यात काडीकचरा मिसळला की तिची दोरी होते. मेहुण्याने जोर लावून पॅडल मारलं, गिअर बदलणारा डिरेलर चेनसकट वर ओढला गेला आणि त्याला फ्रेमशी धरून ठेवणारा हँगर वाकला. "दाजी, उचलून न्यायची का?" उचलून न्यायची. पण तीच सायकल आता पंचवीस किलोची झालेली. दीड किलोमीटरला दीड तास.

एक म्हातारे शेतकरी बांधावर बसून तंबाखू मळत बघत होते. म्हणाले, "वाट कशी आहे ते गाडीवाल्याला इचारायचं असतंय, सायकलवाल्याला न्हाई."

शिकलो ते असं. पाऊस पडल्यावर दोन दिवस काळ्या रानाकडे बघायचं नाही, मुरमाच्या माळावर जायचं. मुरमातून पाणी खाली जातं, वाट तासाभरात सायकलीची होते. आणि पॅडल अडलं की जोर लावायचा नाही, उतरायचं. हँगर हा मुद्दाम मऊ धातूचा, वाकण्यासाठीच केलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून. पण तो पिशवीत सुटा असला पाहिजे. तो नव्हता.

२१ जुलै

पाऊस. नवा हँगर. चेन धुतली.

११ ऑगस्ट

मुरमाच्या माळावर जायचं ठरलं खरं, पण माळावर काटे. काळ्या रानात चिखल, माळावर काटा, मधे सोलापूरचा सायकलवाला.

आज बाळे गावाच्या पुढं एक दूधवाला भेटला. जुनी काळी सायकल, मागं दोन कॅन, तीही अशाच वाटांनी रोज. विचारलं पंक्चर किती होतात. म्हणाला, "डबल टायर हाय." म्हणजे जुन्या झिजलेल्या टायरच्या कडेच्या तारा कापून काढायच्या आणि उरलेली पट्टी नव्या टायरच्या आत अंथरायची. काटा पहिल्या थरातून गेला तरी दुसऱ्यात दमतो. दुकानात टायर आणि ट्यूबच्या मधे घालायच्या ज्या पट्ट्या मिळतात, त्यांचंच हे गावठी रूप. माझ्याकडे जुना टायर पडून आहेच.

१ सप्टेंबर

डबल टायर तीन आठवडे चालवला. काट्याने एकही पंक्चर नाही. पण आज घरी उभ्या सायकलची हवा गेली. उघडून बघतो तर आतल्या पट्टीची कापलेली कड ट्यूबला घासून घासून रेघ पडलेली, तिथूनच ट्यूब फाटलेली. दूधवाल्याच्या सायकलीला हे होत नाही, कारण त्याचा टायर अरुंद आणि हवा दगडासारखी घट्ट. आत काही हलतच नाही. माझा टायर रुंद, हवा कमी, प्रत्येक खड्ड्याला पट्टी सरकते. कडा पॉलिश पेपरने निमुळत्या केल्या असत्या तर अजून महिनाभर टिकली असती. पण वजन! चढावर मागच्या चाकाला जणू कुणी ओल्या टॉवेलने धरून ठेवलंय. तुळजापूरचा घाट चढताना मेहुणा दोन वळणं पुढं आणि वर बसून भजी खाणार. काढून टाकली.

२९ सप्टेंबर

आज एका राइडमध्ये तीन. वहीतला उच्चांक.

आमच्यात वनस्पतीशास्त्र शिकवणारे एक सर येतात. ते खाली बसले आणि टायरला चिकटलेला काटा तळहातावर घेऊन प्रवचन सुरू केलं. सराटा. पावसाळ्यात जमिनीलगत पसरणारा वेल, पाच पाकळ्यांची पिवळी फुलं. आपण बघतो आणि म्हणतो काय छान. त्याचं फळ पिकलं की पाच तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला दोन मोठे काटे. तुकडा कसाही पडू द्या, एक काटा वर राहतोच. "हाच तो गोखरू बरं का," सर म्हणाले, "दशमुळातला." दशमुळारिष्ट म्हणून बाळंतिणीला द्यायचं आणि सायकलवाल्याला हे असं.

मग त्यांनी बाकीचे काटेही वेगळे करून दाखवले, कारण तिथं सगळेच होते. बाभळीचा पांढरा, सरळ, जोडीनं येणारा, लांबलचक. बोरीच्या जोडीत एक सरळ आणि एक वाकडा. वेड्या बाभळीचा जाड बुडाचा. ती झाडं बाहेरची, अमेरिका खंडातली, पण आता आमच्या पडीक रानात तीच घरमालकीण. बाभळीचा काटा आत शिरला की हवा लगेच जाते, निदान कळतं तरी. सराटा बारीक. तो आत जाऊन बसतो, हवा हळूहळू सोडतो आणि घरापासून बारा किलोमीटरवर सांगतो.

म्हणजे माझ्या पंक्चरांतला मोठा वाटा सराट्याचा, आणि तो पावसाळा संपता संपता पिकतो. दिवाळीनंतरचे माझे सगळे सुंदर दिवस त्याचे. बारीक भोकं, पुष्कळ भोकं. यावर औषध एकच : ट्यूबच काढून टाकायची.

१२ ऑक्टोबर, दसरा

काल खंडेनवमीला पाना, पंप, चेनचं हत्यार, सगळं मांडून पूजा. सायकलला झेंडूची माळ. आज ती माळ काढून चाक ट्यूबलेस करायला घेतलं.

माझी रिम त्यासाठीची आहे, बीड म्हणजे टायरची कड घट्ट धरणारी. माऊंटन बाइकसाठी ट्यूबलेसचं पहिलं प्रमाण, यूएसटी, माव्हिक कंपनीने १९९९ साली आणलं. त्यात रिमच्या आतल्या तळाला भोकंच नव्हती. माझ्यासारख्यांच्या रिमला स्पोकची भोकं आहेत, ती टेपने बंद करावी लागतात. टेप घरात नव्हती, सणामुळे दुकान बंद. मग मी काय करावं? खोक्यांना लावायची तपकिरी टेप लावली. तीन वेढे, अगदी नीट, हात फिरवून.

पुढची दोन वाक्यं लिहायची इच्छा नाही. पंपाने हवा बसली नाही ती नाहीच. साबणाचं पाणी लावल्यावर प्रत्येक स्पोकच्या मुळातून फेस, बत्तीस कारंजी.

संध्याकाळी ट्यूब परत घालून आपट्याची पानं वाटायला गेलो.

२० ऑक्टोबर

टेप आली. रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा तीन मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन्ही कडांवर चढून बसते. रिम आधी स्पिरिटने पुसली. तपकिरी टेपचा गोंद काढायला अर्धा तास. टेप ताणून लावायची, व्हॉल्वच्या विरुद्ध बाजूने सुरू करून थोडी एकावर एक आणून संपवायची, मग गरम खिळ्याने व्हॉल्वचं भोक.

हवा मात्र पायपंपाने बसेचना. टायर आणि रिमच्या फटीतून जेवढी भरू तेवढी बाहेर. अण्णांकडे नेला. त्यांचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या जाड व्हॉल्वचा, माझा बारीक प्रेस्टा. अडॅप्टर नेला होता. व्हॉल्वचा कोर (आतली झडप) काढला, म्हणजे हवा एकदम आत जाते. अण्णांनी बटण दाबलं आणि टायरची कड रिमवर बसली ती फट्ट फट्ट असे दोन आवाज करून. समोरच्या चहावाल्याचा पोरगा गाडीखाली बघायला लागला. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या पुढं जाऊ दिलं नाही. अण्णांचा हात मोटारसायकलचा आहे.

मग कोर काढलेल्या व्हॉल्वमधूनच सीलंट, पुढं १०० मिली, मागं १२०. पांढरं, ताकासारखं, अमोनियाचा वास. रबराचा चीक आणि त्यात बारीक कण. भोकातून हवेबरोबर ते बाहेर येऊ लागतं आणि कण तिथंच अडकून चीक गोठतो. चाक आडवं धरून, फिरवून, हलवून सगळीकडे पोचवलं.

अण्णांना हे पटलेलं नाही. "या पाण्यानं रिम सडंल बघा." मला वाटलं जुन्या माणसाची शंका. घरी बाटलीवर बारीक अक्षरात वाचलं : अॅल्युमिनिअमवर सांडल्यास लगेच पुसा. अमोनियाचं असतं तसं. अण्णा सगळेच चूक नव्हते.

नवा दाब : पुढं २१, मागं २४. जूनमध्ये याच आकड्याने ट्यूब चिरली होती. आता चिरायला ट्यूबच नाही.

१० नोव्हेंबर

दिवाळीच्या फराळावर नान्नजची राइड. बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर, मग गवताळ माळाच्या कडेकडेने. सकाळच्या उन्हात गवत पिकलेल्या गव्हासारखं. काळविटांचा कळप लांब उभा, नर एकटाच मान वर करून. अभयारण्याच्या हद्दीजवळ एक सरळ, साफ केलेली पट्टी दिसली, वणवा अडवण्यासाठी काढलेली जाळरेषा. तिच्यावर सायकल घालायचा मोह झाला. वनरक्षकाने हाक मारून परत फिरवलं. १९७९ पासून हे माळढोकाचं राखीव रान. माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही एकच. टायरला ते दिसत नाही. वनरक्षकाने चहा विचारला, आम्ही खाली मान घालून घेतला.

परतताना बांधाच्या कुंपणाला टाकलेल्या बाभळीच्या फांद्या वाटेवर आलेल्या. मागच्या चाकात बोटभर काटा. माझ्या आधी मेहुण्याने तो उपसला आणि पांढऱ्या सीलंटचं कारंजं त्याच्या शर्टावर. मोठ्या भोकाला नुसतं सीलंट पुरत नाही, भोकात रबराची पट्टी खुपसावी लागते. पण आमच्याकडे होती मोटारसायकलची, सुतळीएवढी जाड. सायकलच्या पातळ टायरमध्ये ती खुपसायची म्हणजे भोक मोठं करणं. केलं. घरी येईपर्यंत तीनदा पंप मारला.

आता नियम : वाटेत काटा दिसला तर उपसायचा नाही. तोच बूच आहे. घरी, निवांत, भोक खाली करून, म्हणजे सीलंट तिथं साचेल, मग काढायचा. आणि सायकलसाठीच्या बारीक पट्ट्या मागवल्या.

१५ डिसेंबर

हत्तरसंग कुडल, चाळीसेक किलोमीटर. सीना आणि भीमेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि तुळईवर इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख. त्यात म्हटलंय, जो हे वाचेल तो विजयी होईल. आम्ही चौघं बोट फिरवत अक्षर अक्षर जुळवत राहिलो. बाहेर येऊन टायर बघितला : सतरा सराटे, मोजून. प्रत्येकाभोवती पांढरा ओला ठिपका, हवा जशीच्या तशी. सर म्हणाले, "तुम्ही वाचलं आणि टायर वाचला." त्यांना हे विनोद वर्गात चालत असतील.

सतरा म्हणजे जुन्या हिशोबाने सतरा पॅच. संगमावर बसून शेंगाचटणी आणि कडक भाकरी. नदीच्या वाळूत मात्र २१ सुद्धा जास्त वाटली. चाक रुततं, पुढचं टोक भरकटतं. १८ करून बघितली, चाललं, पण परत खडकाळ वाटेवर रिम एकदा दगडाला लागली. टण्ण. पंक्चर नाही, पण रिमला बारीक ठोका बसला. ट्यूब गेली म्हणून दगड गेलेले नाहीत.

१२ जानेवारी २०२५

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. नंदीध्वज, पांढरे बाराबंदीवाले, गर्दी. सायकल घरात.

२ फेब्रुवारी

मंगळवेढ्याकडच्या पाहुण्यांच्या शेतात हुरडा. मालदांडी ज्वारी, आगटी, लसणाचं तिखट. नोंद हुरड्याचीच व्हायला हवी, पण वही टायरची आहे. काळं रान आता वाळून भेगाळलंय. जुलैत जी माती चाक सोडत नव्हती तिच्यातच आता चाक पडतं. भेग वाटेच्या दिशेने असली तर २.२५ चा टायर त्यात आगगाडीसारखा अडकतो आणि हँडल वळवलं की माणूस पुढं. मेहुणा पुढं गेला. लागलं नाही, हुरडा सांडला.

काट्याने हवा गेली असं ऑक्टोबरपासून फक्त एकदा, तेही बाभळीने.

२० एप्रिल

सकाळी सहाला मागं २४ भरली. साडेअकराला घरी आल्यावर उन्हातच मोजली, २७. काळा टायर, तापलेली सडक, आतली हवा फुगणारच. आता उन्हाळ्यात सकाळी दोन कमी भरायची.

पण परवापासून पुढचं चाक रात्रीत बसत होतं. काल एका सराट्यातून सूं आवाज आला आणि थांबलाच नाही. चाक हलवून बघितलं, आत काही डुचमळत नाही. टायर उघडला. शंभर मिलीतलं ओलं असं चमचाभर. बाकी टायरच्या आतल्या भिंतीवर साय धरावी तसा पातळ पापुद्रा आणि एक रबराचा गोळा, लिंबाएवढा. सहा महिने. थंड देशातल्यांच्या सहा महिन्यांवर मी विसंबलो, आपल्या गच्चीवर मार्चमध्येच चाळीस अंश. हिवाळ्यात तीन महिने आणि उन्हाळ्यात दोन, याहून जास्त धरायचं नाही.

टॉवेलचा तुकडा आतून फिरवला. फिरवता येईना, दर बोटभर अंतरावर थांबतोय. काट्यांची टोकं, मोडलेली, आतून खुंटासारखी उभी. नखं कापायच्या कातरीने एकेक कापली, मोजणी साठाच्या पुढं गेल्यावर सोडून दिली. टायरच्या बाजूच्या भिंतीला, साइडवॉलला, एक चीर आहे, तिला आतून जुन्या ट्यूबचा पॅच लावला. हा टायर पावसाळा काढेल, दिवाळी काढणार नाही.

अण्णांकडे कॉम्प्रेसरला गेलो. त्यांनी बाटली हातात घेतली, उलटी केली, किंमत विचारली. सांगितली.

"एवढ्यात तीन ट्यूबा येत्यात," ते म्हणाले.

"येतात," मी म्हणालो, "पण पॅच?"

"पॅच माझे. तेवढंच आमचं पोट." आणि कॉम्प्रेसर चालू केला. या वेळी एकाच आवाजात बसला.

पुढं १००, मागं १२०. रिमवर मार्करने पुढच्या वेळची तारीख लिहिली : १५ जून.